हिन्याची बरणी

फकरोद्दीन अत्तरवाल्याला कुणाचं रिकामं पोट बघवत नाही. कुंभार पिंपळगावच्या बाजारात पेटी मांडून बसला की गिऱ्हाइकाच्या मनगटावर अत्तराचं बोट आधी, भावाची बोली मागून. जेवणाचा डबा उघडला की निम्मा शेजारच्या चपलावाल्याचा, उरल्यातला अर्धा कुत्र्याचा. लोक कौतुक करतात आणि त्यालाही ते आवडतं. आवडायला काय जातंय!

तर हा भला माणूस स्वतःच्या नातीच्या आड कसा आला, ते ऐका.

अर्शिया गावातल्या मराठी शाळेत आठवीला. विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं गावातल्या बद्रीनाथच्या शेतातल्या सोयाबीनमधून शंखी गोगलगायी वेचून आणल्या आणि दोन काचेच्या बरण्यांत ठेवल्या. सकाळी एका बरणीत आजोबाच्या पेटीतल्या खस अत्तराचा बोळा ठेवायचा आणि लगेच काकडी द्यायची. दुसरीत हिना अत्तराचा बोळा ठेवायचा आणि काहीच द्यायचं नाही. त्यांची काकडी संध्याकाळी, बोळा काढून बरणी धुतल्यावर. खसचा वास आला की खाणं येतं, हे गोगलगायीलाही शिकता येतं, असं तिला दाखवायचं होतं. "खसला बाहेर येतील, हिन्याला हलणारबी न्हाईत," असं वर्गात छातीठोकपणे सांगून बसली होती. "दादा, बरण्यांवर लक्ष ठेवा," असं आजोबाला सांगून रोज शाळेला जायची.

दादानं जरा जास्तच लक्ष ठेवलं. खसवाल्या जेवतात आणि हिन्यावाल्यांनी नुसता वास घ्यायचा? ताट मांडायचं आणि वाढायचं नाही, हे कुठल्या घरचं वळण? पोरगी गेली की तो हिन्याच्या बरणीत काकडीची फोड टाकी आणि ती यायच्या आत उरलंसुरलं काढून घेई.

प्रदर्शनाला तोही हौसेनं गेला. अर्शियानं खसचा बोळा ठेवला, तशा गोगलगायी शिंगं ताणत बाहेर आल्या. मग तिनं दुसऱ्या बरणीत हिन्याचा ठेवला. त्याही आल्या, गोगलगायीला जमेल तेवढ्या लगबगीनं.

विज्ञानाचे धर्मराज सर हसले. "कोणत्याबी वासाला येतात की मंग. शिकल्या काय यात? घरी करून पाह्यलं होतं, का नुसतंच सांगितलं?"

"केलं होतं सर."

पोरं खिदळली. मागून कुणीतरी 'फेकू' म्हणालं. अर्शियानं आजोबाकडे पाहिलं, कारण रोज घरी बघणारा तोच होता. अर्धं गाव तिथं जमलेलं, सगळे त्याला भला म्हणणारे. त्यांच्यादेखत चुकलो म्हणणं त्याला जमलं नाही. तो पिशवीचे बंद सोडत आणि बांधत बसला.

त्या दिवशी अर्शिया जेवली नाही. भरलं ताट तसंच राहिलं आणि फकरोद्दीनला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बेटा, हिन्यावाल्यांना मी काकडी देत होतो," तो म्हणाला. "भुकेल्या वाटल्या."

अर्शियानं पेटीतली गुलाबाची बाटली घेतली आणि नवा बोळा आधी एका, मग दुसऱ्या बरणीत ठेवून पाहिला. दोन्हीकडच्या गोगलगायी शंखात गप्प.

"म्हंजी शिकल्यात," ती म्हणाली. "मी खस शिकवलं, तुम्ही हिना. उद्या शाळेत तुम्ही सांगा. माझं कुणी मानणार न्हाई."

त्यानं सांगितलं. "सर, पोरीचं बिलकुल बराबर होतं. बिघाड मी केला, अन् काल गप्पबी मीच बसलो." सरांनी आपल्या हातानं हिन्याच्या बरणीत गुलाब ठेवून पाहिला, मग हिना; गोगलगायी हिन्यालाच बाहेर आल्या आणि सरांनी भर वर्गात अर्शियाची माफी मागितली. फकरोद्दीनला वाटलं, सुटलो.

घरी येताना अर्शियानं विचारलं, "मी तुमच्याकडं पाह्यलं, तवा का बोलला न्हाईत?"

उत्तर त्याला ठाऊक होतं, पण नातीला सांगण्याजोगं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी शाळेला निघताना अर्शियानं दोन्ही बरण्या उचलल्या. शेजारच्या दैवशालाकाकीकडे ठेवते, एवढंच मदिनाला, तिच्या दादीला, म्हणाली. फकरोद्दीन दारात उभा होता. नुकतीच पेटी भरल्यामुळे त्याच्या बोटांना हिना लागला होता. हिन्याची बरणी जवळून जाताना आतल्या गोगलगायी शिंगं काढून त्याच्या हाताकडे वळल्या. अर्शिया थांबली नाही.