नुसतं बसायला

आमच्या गल्लीत दुपारी कुणी कुणाकडं नुसतं बसायला जात नव्हतं. आताच्या लोकांना हे सांगून पटत नाही. रिकाम्या हातानं शेजारणीच्या दारात उभं राहिलं, तर तिची सासू विचारायची, "का गं, घरातली कामं संपली वाटतं?" म्हणून जाताना सूप घ्यायचं, निवडायची डाळ घ्यायची, नाहीतर चटणीचं निमित्त काढायचं. गप्पा त्याच्या आडून. त्याला विरंगुळा म्हणतात, हे मला म्हातारपणी फ्लॅटमध्ये आल्यावर कळलं.

माझी चटणीची जोडीदारीण म्हणजे समोरच्या घरातली अक्का. विणकराघरची, त्यांच्यात तेलुगू बोलायचे, आमच्यात कन्नड, आणि उखळापाशी दोघींची मराठी. भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ घातलं की मुसळ माझ्या हातात. ती समोर बसून, मुसळ वर गेलं की कडेचं मधी लोटायची. इतकी वर्षं तिची बोटं माझ्या मुसळाखाली गेली, कधी लागलं नाही. आदल्या दिवशी भांडलो असलो तरी नाही. तेल सुटेपर्यंत कुटायचं म्हणजे अर्धी दुपार, आणि तेवढ्यात सगळ्या गल्लीचा निकाल लागायचा.

हे गेले, लेकानं ते घर विकलं आणि मला आपल्याकडं आणलं. उखळ मी हट्टानं बरोबर घेतलं. अक्का दर गुरुवारी रिक्षानं यायची. लिफ्टला भ्यायची, जिना चढून यायची आणि दारातच सुरू व्हायची.

"वैनी, तुमच्या चटणीपायी माजे गुडघे गेले बगा."

"मग येऊ नका की."

"मी न्हाई आले तर लोटनार कोन? तुमचा लेक?"

एका गुरुवारी खालच्या मजल्यावरचे साहेब वर आले. घरूनच ऑफिसचं काम करतात. "आजी, दुपारी डोक्यात ठोकल्यासारखं होतंय हो." खोटं बोलत नव्हते. उखळाखाली पोतं घातलं, गोधडी घातली, तरी आवाज जायचाच. लेकानं उखळ खाली पार्किंगच्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं आणि मला नवा मिक्सर आणला.

"आई, लई राबलीस. आता आराम कर. बागेत बायकांचा ग्रुप आहे, जात जा."

गेले बागेत. तिथं गोल उभं राहून टाळ्या वाजवायच्या आणि हसू आलं नसताना मोठ्यानं हसायचं. तब्येतीला चांगलं म्हणे. अक्काच्या एका टोमण्यावर मी उखळाला टेकून हसायची, ते कुणी व्यायाम म्हणून धरलं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी अक्का आली. मिक्सर फिरला, थांबला. चटणी झाली. अक्कानं चिमूटभर जिभेवर ठेवली आणि बोटं पदराला पुसली. मग आम्ही सोफ्यावर बसलो. तिचे हात तिच्या मांडीवर, माझे माझ्या. जन्मात आम्ही एकमेकींच्या तोंडाकडं बघून बोललो नव्हतो, नजर कायम उखळात असायची. तिची सून वेगळं निघायचं म्हणत होती, ते गेल्या वेळी सांगता सांगता अर्धं राहिलं होतं. मी विचारलं, "सुनेचं काय झालं मग?"

"चाललंय की," म्हणाली, आणि घड्याळाकडं बघितलं.

चहा झाला. चप्पल घालताना म्हणाली, "येते वैनी. काय काम निघालं की बोलवा."

तेव्हापासून मी काम शोधत बसले. मग सुचलं, शेंगा फोडायला आवाज होत नाही. लेकाला सांगितलं, मार्केटातनं पोतंभर शेंगा आण, टरफलासकट. लेक गुणाचा, आईचा शब्द मोडत नाही. संध्याकाळी आला तो सोललेले, भाजलेले, सालंसुद्धा काढलेले दाणे घेऊन.

"टरफलं कशाला काढत बसायची आई? बोटं दुखतात तुझी."

म्हटलं, अरे, अक्काला बोलवायचं होतं.

"एवढंच ना? मग बोलव की. नुसतं बसायला येतील."

दाणे डब्यात भरून ठेवले. फोन काही लावला नाही. नुसतं बसायला अक्का येणार नाही. तिनं तसं बोलावलं असतं, तर मीही गेले नसते.