दोन चंद्रांच्या ग्रहावरून पिंजौरची बस

"जाधव, मशीन पे आ जा. अभी."

इंटरकॉमवर ढिल्लों सर होते. मी गरम पाण्याच्या ट्रेसमोर उभा होतो, हातमोजे ओले. सर आमच्या विभागाचे फिजिसिस्ट. रेडिएशनचे किरण कुठून, किती आणि नेमके कुठे जायचे, हे ते ठरवतात. एरवी ते मला 'जाधव जी' म्हणतात. नुसतं 'जाधव' ऐकलं आणि मी हातमोजे तसेच टाकून निघालो. माझी नोकरी कॉन्ट्रॅक्टची. दर मार्चमध्ये मुदतवाढीचा कागद पुढे सरकेपर्यंत मला नीट जेवण जात नाही.

मशीनच्या खोलीत मन्नत टेबलावर बसून रडत होती. सात वर्षांची मुलगी, पिंजौरची. आज तिचा पहिला दिवस. तिचे पप्पा दाराशी तिच्या चपला हातात धरून उभे होते. ढिल्लों सरांनी तिचा मास्क उजेडाकडे धरला होता. निळ्या आकाशाचा, मी रंगवलेला.

"इसमें मेरे क्रॉस कौन से हैं?"

मी बघितलं. मास्कवर चौदा चांदण्या होत्या. त्यातल्या तीन म्हणजे सरांच्या खुणा. बाकीच्या अकरा माझ्या. सगळ्या अगदी एकसारख्या. त्या एकसारख्या दिसाव्यात म्हणून मी दोन दिवस खपलो होतो.

हे कसं झालं ते सांगायचं तर आधी माझं काम सांगावं लागेल.

चंदीगडच्या एका हॉस्पिटलात मी मोल्ड रूममध्ये असिस्टंट आहे. डोक्यात गाठ असलेल्या पेशंटला रेडिएशन देताना डोकं जराही हलून चालत नाही. म्हणून प्रत्येकाच्या चेहऱ्याचा मास्क करतात. प्लास्टिकची जाळीदार शीट गरम पाण्यात टाकली की ओल्या पापडासारखी मऊ पडते. ती चेहऱ्यावर ओढून बसवायची. थोड्या वेळात कडक होते. मग रोज तोच मास्क घालून, टेबलाला अडकवून पेशंटने निपचित पडायचं. त्या वेळी खोलीत दुसरं कोणी थांबू शकत नाही. मोठी माणसं सोसतात. लहान मुलं किंचाळतात. एखाद्या मुलाला जमलंच नाही तर रोज भूल द्यावी लागते. म्हणजे रोज सकाळी उपाशीपोटी यायचं, सुई टोचून घ्यायची, मग शुद्धीवर येईपर्यंत आईबापांनी बाहेर बसायचं. आठवड्याचे पाच दिवस, सहा आठवडे.

मी विट्याकडचा. नववीच्या सहामाहीनंतर शाळा सोडली आणि चुलत्याबरोबर इकडे आलो, गलाईच्या दुकानात. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. आमच्या भागातली माणसं त्यासाठी देशभर पांगलेली आहेत. ॲसिडच्या धुराने माझा खोकला हटेना. एकदा या हॉस्पिटलच्या डॉक्टर खरात मॅडम त्यांच्या आईच्या जुन्या पाटल्या घेऊन दुकानात आल्या. पाटल्यांपेक्षा त्यांचं लक्ष माझ्या खोकल्याकडेच. "गाव कुठलं रे तुझं?" इथून सुरुवात झाली आणि दोन महिन्यांत मी मोल्ड रूममध्ये होतो. वितळवणं, ओतणं, साचा करणं हाताच्या सवयीचं होतं. इंग्रजी लेबलं वाचायला मॅडमनी शिकवली. माझ्यामुळे त्यांना कोणासमोर खाली बघावं लागू नये, ही भीती मी रोज डब्याबरोबर घेऊन येतो.

मुलांचे मास्क रंगवायला मी आपण होऊन सुरुवात केली. त्यासाठी एक वही केली. वहीत पाच जगं आहेत. ड्रॅगनचा डोंगर, समुद्राखालचं काचेचं शहर, रोबोंचं गाव, उडणाऱ्या घोड्यांचं जंगल आणि दोन चंद्रांचा ग्रह. मुलाने एक निवडायचं. ते जग मास्कवर येतं. मग मास्क घातला की पोर मशीनमध्ये नसतं, तिकडे असतं.

आधी मी विचारायचो, "कौन सा अच्छा लगता है?" सगळे ड्रॅगन म्हणायचे. मग एकदा सहज विचारलं, "रहने कहाँ जाओगे?" आणि उत्तरं बदलली. ड्रॅगन जेवतात काय? रोबोंच्या गावात शाळा असते का? एका मुलीने विचारलं होतं, पाण्याखाली मम्मी कपडे कुठे वाळवणार? राहायचं म्हटलं की मुलं खोली बघायला आलेल्या भाडेकरूसारखी वागतात. नळाला पाणी येतं का, ते आधी बघतात.

मन्नतने वही पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली आणि मिटली.

"अंकल, यहाँ से वापस कैसे आते हैं?"

"कहाँ से?"

"किसी से भी."

मी वही उघडली. तिचं बरोबर होतं. जायला रॉकेट होतं, पाणबुडी होती, डोंगरात दार होतं. परत यायची वाट मी एकाही पानावर काढलेली नव्हती. घरापासून इतक्या लांब राहणाऱ्या माणसाच्या हे लक्षात यायला हवं होतं.

"रॉकेट है ना," मी म्हणालो.

"रॉकेट तो बस जाता है. टीव्ही पे देखा है मैंने." मग जरा थांबून, "वहाँ बस आती है?"

ती आणि तिचे पप्पा पिंजौरहून बसने यायचे. तिच्या लेखी भरवशाने जाते आणि भरवशाने परत येते अशी ती एकच गोष्ट होती.

"आएगी. कौन से वाले पे चाहिए?"

"दो चाँद वाले पे. पर पक्का पिंजौर रुकनी चाहिए. और सीट मिलनी चाहिए."

"सर जी, ये कुछ भी बोलती है," पप्पा ओशाळून म्हणाले. मी म्हटलं, नाही, बरोबर बोलतेय.

मास्क केला, स्कॅन झालं. आता खुणांचं सांगतो. खोलीच्या भिंतींवरून आणि छतावरून लेझरच्या रेषा येतात. स्कॅनच्या वेळी त्या मास्कवर जिथे एकमेकींना छेदतात तिथे पांढऱ्या टेपचे चौकोन चिकटवतात आणि पेनाने बारीक क्रॉस काढतात. एक कपाळावर, एकेक दोन्ही कानांजवळ. पुढे रोज त्या रेषा त्याच क्रॉसवर पडल्या की डोकं जागेवर आहे असं समजायचं. स्कॅननंतर सरांचं प्लॅनिंग काही दिवस चालतं. तेवढे दिवस मास्क माझ्याकडे.

गालांवर दोन चंद्र काढले. हनुवटीवर बस, पाटी 'पिंजौर'. वर सगळं गडद निळं आकाश. आणि त्या आकाशात टेपचे तीन पांढरे चौकोन. ठिगळं लावल्यासारखे. मुलगी तिथे सहा आठवडे राहणार आणि तिच्या आकाशाला ठिगळं? मी ब्लेड घेतलं आणि टेप क्रॉसच्या कडेकडेने कापून काढली. फक्त बारीक पांढरी फुली राहिली. गलाईत हाताला सफाई आलेली असते. फुली चांदणीसारखी दिसायला लागली. मग एकट्या तीन चांदण्या बऱ्या दिसेनात म्हणून पांढऱ्या रंगाने अजून अकरा काढल्या, त्यांच्यावरूनही पेनाची रेघ ओढली. टेपला हात लावायचा नाही हा नियम मला माहीत होता. क्रॉसला कुठे लावलाय, असं मी मनाला सांगितलं.

तर आता सर विचारत होते, कुठले तीन?

"सर, ये, ये और ये." मी बोटाने दाखवलं.

"तुझे पता है. लेझर को पता है?" सरांनी मास्क खाली ठेवला. "ओ यार, तूने टेप काटी है. ब्लेड से ज़रा भी खिसकी हो तो? ट्यूमर के बगल में उसकी आँख की नस है, जाधव."

मी वाकून टेपच्या कापलेल्या कडा बघितल्या.

खरात मॅडम आल्या. सरांशी इंग्रजीत बोलल्या, मग माझ्याकडे वळल्या.

"टेपला ब्लेड लावलंस?"

"हो मॅडम."

"का?"

"ठिगळ दिसत होतं."

त्यांनी मास्क उचलून बघितला. "मास्क रंगवणं यापुढे बंद, असं सर म्हणतायत. मी आत्ता त्यांच्याशी भांडणार नाही. त्यांचं बरोबर आहे." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "दुपारी पुन्हा स्कॅन करू, जुन्याशी जुळवू, खुणा नव्या करू. पण पोरीला मास्क परत घालायला हवा. एकदा स्कॅनला, एकदा मशीनवर. ती घाबरलीय. आज नाही जमलं तर उद्यापासून भूल. रोज. चांदण्या पुस आधी, आणि तिच्याशी तूच बोल."

मी मोल्ड रूममध्ये कापूस आणि स्पिरिट घेऊन बसलो. एकेक चांदणी पुसायला लागलो. थोड्या वेळाने मन्नत आली, स्टुलावर बसली. डोळे सुजलेले.

"स्टार क्यों मिटा रहे हो?"

ग्रहावर सकाळ झाली, असं सांगता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण सकाळी बस निघालीच नव्हती, तेव्हा एकदा तिला फसवल्यासारखं वाटलंच होतं.

"मुझसे गलती हुई. इसमें सर के तीन निशान थे. मैंने वैसे ही ग्यारह और बना दिए. अब सर को अपने वाले नहीं मिल रहे."

"क्यों बनाए?"

"सुंदर दिखे इसलिए."

तिने यावर विचार केला. "निशान किस काम के होते हैं?"

"मशीन की लाइट रोज़ वहीं आके रुकती है. बाल भर भी इधर-उधर नहीं."

"बस स्टॉप जैसे?"

माझा हात थांबला. "हाँ. वैसे ही."

"अंकल!" तिने कपाळाला हात लावला. "स्टॉप पे स्टार थोड़ी बनाते हैं! ड्राइवर को दिखेगा कैसे? बोर्ड लगाते हैं. सफ़ेद वाला. बड़ा."

ढिल्लों सरांनी घेतली नसेल एवढी शाळा तिने घेतली. सकाळपासून मी पहिल्यांदा हसलो.

"और सवारी हिलती रहे तो?" मी विचारलं.

"तो स्टॉप निकल जाता है. फिर पापा पीछे भागते हैं." दारातून पप्पा म्हणाले, "एक ही बार भागा था!"

दुपारी स्कॅनच्या टेबलावर ती मास्क घालून झोपली. हात पप्पांच्या हातात, ते बाहेर जाईपर्यंत. स्कॅन जुन्या स्कॅनशी जुळवलं गेलं. सरांनी स्वतः नव्या टेपचे मोठे पांढरे चौकोन लावले. मास्क काढल्यावर तिने त्यांना तिच्या बसच्या थांब्यांची नावं दिली. एका कानाजवळ पंचकूला, दुसऱ्या कानाजवळ मनीमाजरा, कपाळावर पिंजौर.

"सर जी, पिंजौर सही जगह पे है ना?"

सरांनी चष्मा वर केला. "बिलकुल सही जगह पे, बेटा. मैंने खुद नापा है."

माझ्या ब्लेडखालून गेलेल्या तीन खुणांपैकी दोन जागेवरच निघाल्या. एका कानाजवळची सरकलेली होती. किती, ते सर बोलले नाहीत. मी विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.

चार वाजता मशीनवर घेतलं. जाड दार बंद झालं. आम्ही सगळे मॉनिटरसमोर. पप्पांच्या हातात पुन्हा चपला. मॅडम इंटरकॉमवर म्हणाल्या, "मन्नत, बस निकल रही है." पडद्यावर ती एवढीशी दिसत होती. हात अंगालगत सरळ. फक्त छाती वरखाली. मशीन एका बाजूने फिरलं, थांबलं, दुसऱ्या बाजूने फिरलं. मी माझी बोटं मोजत होतो, दुसरं काही सुचत नव्हतं. ती हलली नाही.

बाहेर आली तेव्हा गालांवर जाळीचे ठसे उमटले होते.

"कैसा था?" मॅडमनी विचारलं.

"सीट मिल गई थी."

सहा आठवड्यांत तिला एकदाही भूल लागली नाही. माझी चूक मात्र मॅडमनी इन्सिडेंट रजिस्टरमध्ये लिहिली, माझ्या नावासकट. "लपवलं असतं तर तुझ्यासाठी भांडायला तोंड राहिलं नसतं," म्हणाल्या. मग त्या सरांशी भांडल्या. सरांनी रंगवायची परवानगी परत दिली, अटींवर: आधी खुणांचा फोटो, त्यावर त्यांची सही, आणि टेपच्या आजूबाजूला चार बोटं रंग नाही. मार्चमध्ये माझा कागद पुढे सरकला. तोवर मी तीन किलोने उतरलो होतो.

शेवटच्या दिवशी मन्नत मास्क घरी घेऊन जायला आली.

"अंकल, आप किसमें रहोगे?" तिने वहीकडे बोट दाखवलं.

"मैं तो यहीं रहता हूँ."

"यहाँ से वापस कैसे जाते हो?"

"ट्रेन से. साल में एक बार."

तिने हिशोब केल्यासारखं केलं. "फिर ठीक है," म्हणाली आणि पप्पांच्या मागे बस पकडायला गेली.

आता वहीतल्या प्रत्येक जगाला परतीची वाट आहे. काचेच्या शहराला जिना आहे, ड्रॅगनच्या डोंगरावर बसथांबा आहे. बहुतेक मुलं ते बघतही नाहीत. मी काढतो. आणि प्रत्येक आकाशात तीन पांढरी ठिगळं तशीच राहतात. चांगली दिसत नाहीत. पण ती मुलासाठी नसतातच, ड्रायव्हरसाठी असतात.