वांगणीचा कोंबडा

परदेशातले लोक ज्याचा संदर्भ देतात असा माझ्या नावावर एकच पेपर आहे. बाकीचे माझ्याशिवाय कुणी वाचले असतील असं वाटत नाही. कम्प्युटर संशोधनात माणूस किती मोठा, हे त्याच्या कामाचा उल्लेख किती जण करतात आणि तो कुणाबरोबर लिहितो यावरून ठरतं. तो आकडा इंटरनेटवर कुणालाही दिसतो. मी रोज चहाच्या आधी बघतो आणि त्याची मला लाज वाटत नाही.

तो पेपर खरं तर तिचा आहे.

ती जव्हारजवळच्या वांगणी गावची. आमच्या कॉलेजात, नाव सांगत नाही, ती तासिका तत्त्वावर शिकवायची. मी जव्हारच्या बाजारपेठेतला. तिच्या घरची बोली मला ओ की ठो कळत नव्हती. ती बोली कम्प्युटरला ओळखता यावी म्हणून आमचा प्रयोग चालला होता. ती वांगणीच्या बायकांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून आणायची, मी प्रोग्रॅम लिहायचो. पाण्याबद्दलची वाक्यं तिनं पहाटे झऱ्यावर घेतली, शेताबद्दलची दुपारी बांधावर. वाक्य पाण्याचं की शेताचं, ते प्रोग्रॅमनं सांगायचं. पाण्याचं तो एकदाही चुकेना. मी हुरळून स्टाफरूममध्ये पेढे वाटले.

"सर, याला पाणी नाय कळत," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "पहाटे मागं कोंबडा आरवतोय, तो कळतोय."

"मॅडम, तुम्ही रेकॉर्डिंगपुरतं बघा."

ती शनिवारी गावी गेली आणि सोमवारी नुसता कोंबडा रेकॉर्ड करून आली. माणसाचा एक शब्द त्यात नव्हता. तिनं तो प्रोग्रॅमला ऐकवला. उत्तर आलं: पाणी. माझे पेढे खाल्लेले सगळे खो खो हसले. त्या क्षणी मला तिचा जो राग आला तो अजून गेलेला नाही. पुढचं सगळं त्या रागातून झालं, कारणं मी नंतर शोधली.

पेपर कोंबड्यावरच झाला. यंत्राला शहाणं म्हणण्याआधी ते नेमकं काय ऐकतंय ते तपासा, एवढंच त्यात होतं. माझं नाव पहिलं. दुसरं विभागप्रमुखांचं, कारण ते विभागप्रमुख होते. तिचं तिसरं.

मग कॉलेजात कायम जागा निघाली. पेपरमध्ये तिचं नेमकं काम काय, याचं पहिल्या लेखकाचं पत्र निवड समितीनं मागितलं. तिच्याकडे दाखवायला दुसरं काही नव्हतं. त्याच वर्षी, त्याच पेपरवर, माझी बढती अडली होती. मी लिहिलं, "ध्वनिमुद्रणात साहाय्य केले." यातला एकही शब्द खोटा नाही, असं मी स्वतःला पुष्कळदा बजावलं. मला बढती मिळाली. जागा दुसऱ्याच कुणाला गेली आणि ती मोखाड्याला टायपिंग शिकवायला लागली.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात. राहत नाहीच, पण ते झाकणाऱ्याच्या अंगणात फुटतं. लेखक तिघे असले की पहिलं नाव लिहून बाकीच्यांना 'आणि इतर' म्हणायची आमच्यात रीत आहे. जगभर त्या कामापुढे माझं नाव लागतं. ती इतरांत, विभागप्रमुखांच्या शेजारी.

यंदा ती जव्हारच्या एसटी डेपोत भेटली.

"सर, आकडा लय वाढला. मी बघते अधूनमधून."

"कशाला?"

"माझा कोंबडा कुठवर गेला ते बघते." ती हसली. "नाशिकला जागा निघालीय. परत पत्र लागंल. या टायमाला खरं लिहाल ना, सर?"

"लिहितो की," मी म्हणालो.

घरी येऊन लिहायला बसलो. खरं लिहावं तर आधीचं पत्र खोटं ठरत होतं आणि माझी बढतीही. मी जुन्या पत्रावरची तारीख बदलली.

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजात आली. पत्र उभ्यानंच वाचलं आणि नीट घडी घालून पिशवीत ठेवलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. असतं तर मला बरं वाटलं असतं.

"आई विचारत होती," ती म्हणाली, "सरांना कोंबडा आता तरी कळला का. काय सांगू तिला?"

"माझा तास आहे, मॅडम," मी म्हणालो आणि उठलो.

त्या दिवशी माझा एकही तास नव्हता.