शेवटच्या पानावरचा आलेख

बहरीनला तुबलीत एसीचे बोर्ड दुरुस्त करणारे एक कोकणी गृहस्थ होते. मी स्वतः इंजिनियर. पण गच्चीवरच्या एसीच्या बोर्डात मी निवडून बसवलेला ट्रान्झिस्टर दोनदा जळला, तेव्हा निमूट त्यांच्याकडे गेलो. त्यांनी त्याची डेटाशीट, म्हणजे कंपनीनं छापलेलं माहितीपत्रक, मागितली, चष्मा कपाळावर सरकवला आणि थेट शेवटचं पान उघडलं. उतरत्या आलेखावर सोल्डरनं भाजलेलं बोट ठेवून म्हणाले, "साहेब, पहिल्या पानावरचा ताकदीचा आकडा पंचवीस डिग्रीचा. तुमच्या गच्चीवर ऑगस्टात पंचवीस असतं काय? तापलं की ताकद उतरते."

मी ओशाळून म्हटलं, "तुम्ही तर इतके उन्हाळे गच्च्यांवरच काढलेत."

ते हसले. "आमची डेटाशीट कुणी छापलीय?"

त्यांच्या दुकानाच्या जागी आता टायरचं दुकान आहे. डेटाशीट मी अजून शेवटूनच उघडतो, आणि त्या उतरत्या रेषेवर ते बोट दिसतं.