शांताक्काची चंद्री

माकणीत शांताक्काला ओळखत नाही असा एक शेतकरी सापडायचा नाही. ओळख बहुतेक शिव्या देण्यापुरती. कुणाच्या तुरीत शेरडं घुसली की आधी तिच्या नावानं आरोळी उठायची आणि मागनं मुक्ताफळं. पण आरोळी काय असायची? "ए शांताक्का, आबाची शेरडं आवर!" तुझी शेरडं आवर, असं तिला कुणी कधी म्हटलं नाही. म्हणणार तरी कसं? ती तिची नव्हतीच.

उत्तरेश्वरआबा गावातले मोठे बागायतदार. त्यांच्या शेळ्या शांताक्का अर्धलीनं सांभाळायची. म्हणजे शेळी आबांची, राबणं शांताक्काचं, आणि होतील ती करडं निम्मी-निम्मी. ऐकायला गोड आहे. पण वाटणीच्या दिवशी पहिली निवड मालकाची, ही पूर्वापार रीत. मादी करडाला इकडं पाठ म्हणतात. पाठ वाढवली की तिची शेळी होते, आणि ती पुढं वर्षानुवर्षं वेत देते. ती आबा उचलायचे. बोकड शांताक्काच्या वाट्याला. बोकडाचं काय, विकला की संपला! एक लेकीच्या लग्नात गेला, एक नवऱ्याच्या, म्हणजे बिराप्पाच्या गुडघ्याच्या औषधात गेला. धरणाच्या काठानं शेरडांमागं फिरून बाईच्या टाचा फुटल्या, पण स्वतःची म्हणून एक शेळी दावणीला बांधायचं काही नशिबी आलं नाही. आबा वाईट होते का? छे, छे. अडीनडीला पायलीभर ज्वारी द्यायचे. रीतच तशी होती, आणि ती मोडावी असं ना त्यांना वाटलं ना हिला.

मग बायकांच्या खात्यावर लाडक्या बहिणीचे पैसे पडायला लागले. पारावर बसणाऱ्यांची तोंडं लगेच सुटली. "फुकटचा पैसा! आता बघा, बायका नुसत्या साड्या घेत फिरत्यात." हे बोलणारे कोण, तर सकाळपासून दुपारपर्यंत पारावरून न हलणारे! फुकटचं म्हणे. शांताक्कानं आयुष्यभर जे फुकट राबून दिलं त्याचा हिशोब कुठल्या पारावर झाला, ते कुणी सांगत नाही.

पहिल्यांदा पैसे काढून आणले तेव्हा बिराप्पा म्हणाला, "पत्रं गळायलेत. पैसं साठवू आन् तेवढं बदलून घिऊ."

"पत्र्याखाली बादली ठिवा," शांताक्का म्हणाली. "मला शेळी घ्यायचीय."

"शेळी? आगं, दावनीला हायत की एवढ्या!"

"त्या आबाच्या. मला माझी पायजे."

बिराप्पानं कपाळाला हात लावला. म्हातारपणी बायकोला हे काय खूळ लागलं! पण शांताक्का बधली नाही. एखाद्या महिन्यात गुडघ्याच्या सुईनं पैसा खाल्ला, एकदा हप्ताच उशिरा आला. तरी डब्यात टाकलेल्याला तिनं हात लावला नाही. साडी? साडीला गाठ मारून दिवस काढले. आणि एका बाजाराच्या दिवशी लोहाऱ्याला जाऊन, दात बघून, कास चाचपून, व्यापाऱ्याशी मनसोक्त भांडून तिनं एक गाभण शेळी आणली. काळीभोर, कपाळावर पांढरा ठिपका. नाव ठेवलं चंद्री.

मागल्या बोळातनं घर जवळ पडतं. शांताक्का मुद्दाम पारावरनं आली. एकानं हटकलंच, "आबानं नवी शेळी घेतली व्हय गं?"

"माझी हाय!" शांताक्का एवढ्या मोठ्यानं बोलली की चंद्री बुजून दोन पावलं मागं सरली.

चंद्रीनं जुळी दिली. एक बोकड, एक पाठ. पाठीच्या कपाळावर आईसारखाच ठिपका. शांताक्काला किती आनंद झाला म्हणून सांगावं! कामावरनं आली की आधी करडांचे मुके, मग चूल. बिराप्पासुद्धा बाजेवर बसून पाठीला लसूणघासाचा कोवळा पाला चारायचा. "हिला म्या खूळ म्हनलं व्हतं," असं शेजारणीला सांगायचा, तेही अभिमानानं.

आता पुढं जे झालं ते ऐकून हसू नका. करडं दूध तोडण्याजोगी झाली. आबांच्या शेळ्यांचीही त्याच सुमाराची करडं होती, आणि आबांचा निरोप आला, वाटणीचं घिऊन ये. शांताक्का उठली. नेहमीसारख्या सगळ्या पाठी गोळा केल्या, एका दोरीत बांधल्या, आणि आबांच्या गोठ्यात नेऊन दिल्या. आबा नेहमीसारखं गड्यांना म्हणाले, "बांधा तिकडं. सकाळी कानाला खाच पाडा." शांताक्का नेहमीसारखी चहा पिऊन घरी आली.

घरी चंद्री ओरडत होती. दाव्याला हिसके देत, मान वर करून, जीव तोडून.

"कशाला वरडायलीस?" शांताक्का म्हणाली. "तुझी पाठ गेली आबाकडं—"

आणि तिथंच तिची जीभ थांबली.

अगं बाई! पाठ म्हणजे आबांची, हे तिच्या हाडात इतकं मुरलं होतं की चंद्री कुणाची याचाच तिला विसर पडला. ती मटकन खाली बसली. एकच गोष्ट जन्मात स्वतःची झाली होती, आणि तिची पहिली पाठ तिनंच आपल्या हातानं दुसऱ्याच्या खुंट्याला बांधली होती. सकाळी कानाला खाच पडली की संपलं. खाच हीच आबांची खूण. मग ती पाठ कुणाची, यावर गावात वाद होत नसतो.

ती पदर खोचून उठली, तसा बिराप्पा घाबरला. तो आबांकडं सालगडी म्हणून राबलेला. "आगं, आबाच्या दारात 'माझं द्या' म्हनून उभारनार व्हय तू? सगळी शेरडं काढून घेतील. मग बस चंद्रीचं त्वांड बघत!"

खोटं नव्हतं ते. एका शेळीवर घर चालत नाही. पण चंद्री पुन्हा ओरडली, आणि शांताक्का निघाली.

दिवे लागायची वेळ. आबा ओसरीवर पाहुण्यांत बसले होते.

"काय गं शांताक्का, काय इसरलं का?"

"व्हय आबा. एक पाठ इसरली. कपाळावर ठिपका हाय ती. ती माझ्या चंद्रीची हाय, तुमच्या शेळीची न्हाय. सवयीनं आनून बांधली."

पाहुणे हसले. आबाही हसले. "आगं, आता बांधली ती बांधली. तुझी शेळी आमच्याच बांधावर चरती की. आन् तोटा वाटत आसंल तर पैसं देतो तिचं."

"पैसं नको. पाठ पायजे."

"एका करडासाठी?" आबांचा आवाज जरा चढला. "आन् उद्या माझी शेरडं दुसऱ्या कुनाला दिली म्हंजे?"

शांताक्काच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तिनं पुसलंही नाही. "द्या आबा. मला वंगाळ वाटंल, लई वाटंल. पर आजवर तुमच्या शेळीची एक पाठ म्या ठिवून घेतली न्हाय. माझ्या शेळीची पाठ तुमाला ठिवू देनार न्हाय."

आबांनी तिच्याकडं पाहिलं. एवढी वर्षं ही बाई दारात येत होती; मान वर करून बोलताना तिला त्यांनी आजच पाहिलं असावं. मग त्यांनी गोठ्याकडं तोंड करून हाक दिली, "सोड रे ती ठिपक्याची." आणि तिच्याकडं वळून गुरकावले, "सकाळी माझी शेरडं येळेवर सोड. आन् कुनाच्या तुरीत घालू नको!"

शांताक्कानं पाठ छातीशी धरली ती घरी येईपर्यंत खाली ठेवली नाही.

घराचे पत्रे अजून गळतात. बादली आहे. पण ठिपक्याची ती पाठ मोठी झाली, तेव्हा शेजारची फातिमाबी येऊन दाराशी उभी राहिली. एकटी म्हातारी, वयाची मर्यादा उलटल्यानं तिला ते महिन्याचे पैसे मिळत नव्हते. "शांताक्का, ही शेळी मला अर्धलीनं देतीस का?" शांताक्कानं दावं तिच्या हातात दिलं.

शेळी व्याली, करडं वाढली, वाटणीचा दिवस आला. फातिमाबी पाठ कडेवर आणि बोकड दोरीला घेऊन आली, आणि पाठ पुढं करून म्हणाली, "घे, ही तुझी."

"चाची, मागं घ्या ती. पयली निवड तुमची."

"या अल्ला! अगं, रीत तर मालकानं—"

"मालकीन म्या हाय न्हवं? मग ही माझी रीत."

फातिमाबीनं बोकडाची दोरी शांताक्काच्या हातात दिली, पाठ पदराखाली घेतली आणि घराकडं वळली. बोळाच्या तोंडाशी कुणीतरी विचारलं, "कुनाची गं पाठ, फातिमाबी?"

शांताक्का दारातच उभी होती. म्हातारीचा आवाज तिला तिथवर ऐकू आला.

"माझी!"