पानवेलीत मी गेले होते

हे मी हेमंतलाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला सतरा वर्षांत जे सांगता आलं नाही ते तुम्हाला सांगायला बसले आहे — तुमचा चेहरा मला दिसत नाही म्हणून असेल. समोर चेहरा आला की माझी दातखीळ बसते. ते पुढे कळेलच.

हेमंत निर्मळ गावचा. आम्ही राहतो विरारला फ्लॅटमध्ये, स्कूटरवरून जेमतेम अर्ध्या तासावर. पण मी साताऱ्याची; लग्नानंतर श्रावणात पहिल्यांदा चार दिवस तिथे राहायला गेले, तेव्हा मला सगळंच नवीन होतं. हेमंतला तर काय दाखवू नि काय नको असं झालं होतं. ही विहीर, हा पडलो तो बांध, इथे सायकल शिकलो. आणि सगळ्यात शेवटी, अगदी राखून ठेवलेली — घरामागची विड्याच्या पानांची वाडी. अभ्यास चुकवायचा असला की तो म्हणे त्या वेलींत लपून बसायचा.

त्या वाडीचे दोन नियम सासूबाईंनी मला पहिल्याच संध्याकाळी सांगितले होते. चपला बाहेर काढायच्या. आणि पाळी असलेल्या बाईनं आत पाऊल टाकायचं नाही — वेल सुकते. मी मान डोलावली. माझा तेव्हा दुसरा दिवस होता.

मी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर नवी सून म्हणून गेलेली मी मागच्या पडवीत वेगळ्या चटईवर बसले असते, आणि मोठ्या दिरांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांना कळलं असतं. शिवाय मी शाळेत विज्ञान शिकवते. आठवीच्या मुलींना पाळी म्हणजे काय, ते फळ्यावर आकृती काढून समजावते. पानाला काय कळतंय? दुसऱ्या दिवशी सकाळी चपला काढल्या आणि हेमंतच्या मागोमाग आत गेले. गार, हिरवा उजेड होता. त्यानं एक पान खुडून माझ्या हातात दिलं. त्यालाही काही माहीत नव्हतं.

आत गेले याची मला आजही लाज वाटत नाही. लाज आहे ती — थांबा, क्रमानं सांगते.

गणपतीला पुन्हा गेलो तर अर्ध्या वेली पिवळ्या पडलेल्या. मोठे दीर म्हणाले, यंदा पाणी साचून राहिलं, मुळं कुजली. त्यांचं कोण ऐकतो? सासूबाईंनी आम्हा दोघी सुनांना स्वयंपाकघरात बोलावलं. दोघी म्हणजे मी आणि सुलभावहिनी, माझी मोठी जाऊ. वाडी खरं तर वहिनींचीच. लावणं, बांधणं, खुडणं, सगळं त्या बघायच्या. पानाच्या मागून बोट फिरवून सांगायच्या, हे आणखी चार दिवस राहू दे.

"कोन गेलेली आत? खरा सांगा," सासूबाई म्हणाल्या.

मी गप्प राहिले असते तरी एक वेळ — पण नाही. मी गप्पही राहिले नाही. मी अगदी गोड आवाजात म्हणाले, "वहिनी तर रोजच जातात ना, आई."

खोटं कुठे होतं त्यात? रोज जातच होत्या. एवढंच वाक्य. सासूबाईंची नजर माझ्यावरून उठली आणि वहिनींवर गेली. आणि वहिनी — चिडल्या नाहीत, माझ्याकडे बघितलंही नाही. त्या बोटांवर दिवस मोजायला लागल्या. मोजता मोजता मध्येच अडल्या. "तारीख पुढं-मागं झाली असंल," म्हणाल्या, "माज्याच ध्यानात नाय रायला."

त्या दिवसापासून वहिनींना वाडी बंद झाली. नवीन वेली लावल्या त्या कामाला ठेवलेल्या माणसानं. वहिनींच्या वाट्याला अंगणातला मोगरा आला. मला वाटलं, होईल चार महिन्यांत सुरळीत. नाही झालं. मी दर वेळी जात होते, त्यांच्या हातचं जेवत होते, निघताना त्या माझ्या पिशवीत केळी भरत होत्या. कितीदा मनात आलं — आज सांगू. मग पोळ्या लाटायच्या असत, कोणी तरी पाहुणे असत. कारणं काय, हवी तेवढी मिळतात.

गेल्या वर्षी सासूबाई वारल्या. म्हणजे ज्यांना भीत होते त्याही उरल्या नाहीत.

या मे महिन्यात आम्ही तिघं गेलो. ईरा, आमची मुलगी, आता तेरा वर्षांची आहे. हेमंत तिला वाडी दाखवायला निघाला, मी मागे. वहिनी कुंपणापाशी उभ्या राहून आतल्या माणसाला वेली कशा बांधायच्या ते सांगत होत्या. त्यांची पाळी जाऊन दोन वर्षं झाली आहेत. तरी बाहेरच. त्यांनी ईराला जवळ घेतलं आणि कानाशी लागून विचारलं. तिनं लाजून मान हलवली — हो.

"मग आत नको जाव, बाय," वहिनी म्हणाल्या. "मी गेलती एकदा. तुजी आय नवी होती तवा. अर्धी वाडी मारली मी. आजून सपनात येते."

सतरा वर्षं मी समजत होते की वहिनींनी माझं बोलणं निमूट सोसलं. मनातून त्यांना ठाऊक असेल की आपण काही केलं नाही, असंच मी धरून चालले होते. त्यांनी ते खरं मानलं होतं. माझं एक वाक्य त्यांनी स्वतःविरुद्ध खरं मानलं होतं, आणि घरची एवढी पानं बाजारात जात असताना स्वतः एकाला हात लावला नव्हता. असं होऊ शकतं हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. कसं आलं नाही?

ईरानं माझ्याकडे बघितलं. हेमंत चपला काढून पुढे गेला होता. वहिनीही माझ्याकडेच बघत होत्या, साध्या, मायेच्या नजरेनं.

"आई," ईरा म्हणाली, "खरंच असं होतं?"

मी म्हणाले, "काकी सांगतात ते ऐक."

ती ऐकणारी मुलगी आहे. वहिनींनी पदरानं दगड पुसून दिला, त्यावर ती बसली. आणि मी चपला काढून हेमंतच्या मागे वाडीत गेले.