दाजींचा ट्रॅक्टर आणि माझं तोंड

माझ्या बहिणीच्या नवऱ्याने, म्हणजे दाजींनी, मला फसवलं. ट्रॅक्टरच्या इंजिनाचा ब्लॉक तडकलेला होता, त्यांना ते ठाऊक होतं, आणि तरीही त्यांनी तो मला विकला. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून कोणी म्हणेल, जाऊ द्या, देवाची इच्छा.

जुन्या ट्रॅक्टरांचा धंदा मी शून्यातून उभा केला. सिल्लोडकडचे लोक माझ्या तापट तोंडासाठीच सौद्याला मला मुद्दाम सोबत नेतात. दाजींचा भाव मी इतका खाली ओढला, की त्या आनंदात इंजिन उघडून पाहायचं राहिलं. घरच्या माणसाचा माल मिस्त्रीला दाखवायचा तरी कसा, असंही वाटलं. तडा कळला त्या दिवशी दाजी वाळूजला ड्यूटीवर होते. सापडली ती राखी घेऊन दारात आलेली माझी धाकटी बहीण, त्यांची बायको. तिला म्हणालो, "पुन्हा या उंबऱ्यावर पाय ठेवू नको." ती राखी न बांधताच गेली. बायकोने विचारलं, "तिनं काय केलं होतं?" मी म्हणालो, "स्वभावाला औषध नसतं." आयुष्यभर मी याच वाक्याआड बसलो आहे.

पुढच्या शनिवारी पहाटे खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी निघालो. भक्ती होती, पण मनात सौदाच होता: दाजींना माझ्या पायाशी आण, चांदीची गदा वाहीन. उपवास होता, शुगरची गोळी मात्र सवयीने घेतली होती. दौलताबादच्या घाटाखाली एका पेरूवालीशी भावावरून वाजलं. पोक्त मुसलमान बाई, एक रुपया सोडेना. मी आवाज चढवला आणि तिच्या टोपलीपुढेच डोळ्यांसमोर अंधार आला. शुद्ध आली तेव्हा तोंडात गूळ होता आणि डोक्याखाली तिचं पोतं. "गुस्सा करो भाऊ, जी भरके करो," ती म्हणाली, "मगर बैठके. खडे-खडे गिरते आदमी."

पडताना माझा मोबाइल फुटला होता. तिने घरचा नंबर विचारला. मला बायकोचा आठवेना, मुलाचा आठवेना. तोंडातून आला तो बहिणीचा. तिचं पहिलं सिमकार्ड मीच घेऊन दिलं होतं, तोच नंबर तिने अजून ठेवला आहे. तो ओठांवर कोणी आणला, याचा विचार मी खूप केला.

पेरूवालीने फोन लावला, आणि बहीण-दाजी दोघं मोटारसायकलवर आले. दाजी खाली बसले आणि माझ्या चालून सुजलेल्या पायांत चपला चढवू लागले. जसं मागितलं होतं, तसेच ते पायाशी होते. मला आनंद व्हायला हवा होता. वाटली ती लाज, आणि लाजेखाली रागही तसाच.

बहिणीला म्हणालो, "माझा स्वभावच असा आहे गं."

"व्हय, स्वभाव तुझाच हाय दादा. मग त्या दिवशी दारात बोललं कोण, मारुती?" ती म्हणाली. "ह्यांनी तुला फसवलं, तू मला हाकललं. माझं कुणी बघायचं?"

दाजी पेरूंकडे बघत राहिले.

रिक्षाने आम्ही तिघं दर्शनाला गेलो. तिथल्या निजलेल्या मारुतीच्या मूर्तीपुढे मला काय मागावं तेच सुचेना. राग काढून घे म्हणावं, तर याच रागाने मला बाजारात उभं केलं. राहू दे म्हणावं, तर बहीण जाते. शेवटी एवढंच बोललो, की हा राग माझाच आहे, बहुधा मरेपर्यंत राहील, आणि त्या दिवशी तो दारात उभ्या असलेल्या बहिणीवर काढायचा की नाही, हे माझ्या हातात होतं. मारुतीने ऐकलं असेल. माझा गोंधळ अजून गेलेला नाही, पण स्वतःला त्याच्या हवाली करताना स्वतःची चूकही त्याच्या गळ्यात घालायची नसते, इतकं कळलं. त्या पेरूवालीचे आणि त्याचे उपकार मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी वाळूजला बहिणीच्या घरी जाऊन माफी मागितली. स्वभावाचं नाव काढलं नाही. तिने चहा दिला. घरी येशील का विचारलं, तर "बघू" म्हणाली.

दाजी, ब्लॉक तडकलेला होता हे तुम्हाला ठाऊक होतं. माझ्या पायात चपला घातल्याने ते फिटत नाही. त्याचा जाब मला हवा आहे, आणि तो मी घेणारच. माझ्या तोंडाचा जाब मीही देतो आहे. तो पुरला की नाही, हे माझ्या बहिणीने सांगावं, आणि ती सांगेपर्यंत मला कोणी सोडू नये.